शेंगाची, शेंगांची की शेंगदाण्याची? सोलापुरी चटणीच्या नावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात पाकिटांची लेबले, दुकानांचे फलक आणि हॉटेलांची मेन्यूकार्डे लिहून देणाऱ्या माणसाला एका पदार्थाचे नाव सारखे दुरुस्त करावे लागते. पदार्थ एकच, घरोघरचा. पण कागदावर तो शेंगा चटणी, शेंगाची चटणी, शेंगांची चटणी, शेंगदाना चटनी, सोलापूरी शेंगाचटणी असा वाटेल त्या रूपात येतो. बचत गटाच्या ताई, नवी पेठेतले दुकानदार, पुण्यामुंबईला माल पाठवणारी तरुण मुले, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून उत्तरे एका जागी लिहून ठेवली आहेत.

आधी थोडक्यात सांगा, छापायचे काय?

वाक्यात लिहायचे असेल तर ‘शेंगांची चटणी’. ‘गां’वर टिंब हवे. पाकिटावर मोठ्या अक्षरांत फक्त नाव द्यायचे असेल तर ‘शेंगाचटणी’, जोडून. जागा कमी पडली म्हणून दोन ओळींत ‘शेंगा’ आणि खाली ‘चटणी’ असे आले तरी बिघडत नाही. बाहेरगावच्या गिऱ्हाइकासाठी ‘शेंगदाण्याची चटणी’ हेही शुद्धच आहे. आणि गावाचे नाव पुढे लावणार असाल तर ‘सोलापुरी’, पु ऱ्हस्व.

घाई असेल तर इथेच थांबा. पुढे कारणे आहेत.

पण सगळे सोलापूर ‘शेंगाची चटणी’ म्हणते. मग ते चूक कसे?

म्हणायला काहीच चूक नाही. ‘शेंगाची चटणी दे की बे’ हे वाक्य जसे आहे तसेच गोड लागते. प्रश्न फक्त कागदाचा आहे.

शेंग हा स्त्रीलिंगी शब्द. एक शेंग, अनेक शेंगा. प्रत्यय लागला की एकवचनात त्याचे ‘शेंगे’ होते: शेंगेचा दाणा, शेंगेत दोन दाणे. वाट-वाटेची, जीभ-जिभेची, तसेच हे. अनेकवचनात ‘शेंगां’ होते: शेंगांचे पोते, शेंगांची चटणी. म्हणजे टिंब नसलेले ‘शेंगाची’ एकवचनात बसत नाही आणि अनेकवचनातही बसत नाही.

मराठी साहित्य महामंडळाचे जे शासनमान्य लेखननियम आहेत (१९६२ साली १४ आणि १९७२ साली त्यांत आणखी ४), त्यांत अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार द्यायला सांगितले आहे. मुलांचा, झाडांना, शेंगांची. गंमत अशी की हा अनुस्वार आता कोणी उच्चारत नाही. ‘मुलांचा’ म्हणताना कुणाच्याही नाकातून काही येत नाही. कानाला ऐकू येत नाही म्हणून हातून सुटतो, एवढेच कारण. त्यामुळे ‘आम्ही जसे बोलतो तसेच लिहिले’ हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. बोलताना दोन्ही सारखेच ऐकू येते.

एक हुशार गिऱ्हाईक विचारते: मग ‘गव्हाची पोळी’, ‘तांदळाची खीर’ यांत कुठे अनेकवचन आहे? बरोबर. धान्याचे नाव मराठीत एकवचनात घेऊन सगळा ढीग सांगता येतो. ‘शेंगदाण्याची चटणी’ आणि ‘दाण्याचे कूट’ ही रूपे त्याच चालीची आहेत, आणि तिथे टिंब दिले नाही तरी चालते. पण ‘शेंग’ एकवचनात घेतली तर ‘शेंगेची चटणी’ म्हणावे लागेल, आणि तसे या जिल्ह्यात कोणी म्हणत नाही.

‘शेंगा चटणी’ असे सुटे, प्रत्यय न लावता का म्हणतात? ते मराठी वाटत नाही.

वाटत नाही, कारण त्यात शेजारच्या भाषेची चाल आहे. कन्नडमध्ये भुईमुगाला ‘शेंगा’ हेच नाव आहे, विशेषतः उत्तर कर्नाटकात. तिथे शेंगा हे अनेकवचन नाही, पिकाचे आणि दाण्याचे सरळ नाव आहे. ‘शेंगा चटणी’, ‘शेंगा होळिगे’ असे शब्दाला शब्द लावून पदार्थाचे नाव तयार होते, मधे ‘ची’ची गरज पडत नाही. काही कानडी घरांत याच चटणीला ‘शेंगा हिंडी’ म्हणतात.

सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच बोळात बोलणारे शहर. अक्कलकोटकडे गेलात की बाजाराची अर्धी बोली कानडी. पूर्व भागात विणकर पद्मशाली घरांत तेलुगू, आणि तिथे शेंगदाण्याला ‘पल्ली’. अशा गावात ‘शेंगा चटणी’ हे नाव रुजले नसते तरच नवल. माझ्या मते ते अशुद्ध ठरवून खोडणे हा उद्धटपणा आहे. फक्त मराठीत ते समासासारखे जोडून, ‘शेंगाचटणी’ असे लिहिले की दोन्हीकडचा मान राहतो.

याच आधाराने काही जण ‘शेंगाची’चीही बाजू घेतात: सोलापुरात ‘शेंगा’ हाच मूळ शब्द धरला, तर त्याला ‘ची’ लावून ‘शेंगाची’ का नाही? पण मराठीत आकारान्त स्त्रीलिंगी शब्दाचे ‘शाळा-शाळेची’ होते. त्या वाटेने गेलात तरी पुन्हा ‘शेंगेची’पाशीच येऊन थांबाल.

नुसते ‘शेंगा’ म्हटले तर लोकांना शेवग्याच्या शेंगा वाटणार नाहीत का?

मराठी माणसाला वाटणार नाहीत. शेवग्याची, गवारीची, वालाची शेंग असेल तर आपण तसे आधी सांगतो. काहीच न सांगता ‘शेंगा’ म्हटले की त्या भुईमुगाच्या. याला सगळ्यात चांगला पुरावा शाळेच्या पुस्तकातला आहे: ‘मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही’ ही लोकमान्य टिळकांची म्हणून सांगितली जाणारी गोष्ट. वर्गात मुले शेवग्याच्या शेंगा चोखत बसली होती असे आजवर एकाही पोराच्या मनात आलेले नाही.

हिंदी किंवा इंग्रजी वाचणाऱ्या गिऱ्हाइकाची गोष्ट वेगळी. त्याबद्दल पुढे घटकांच्या प्रश्नात.

भुईमूग, शेंगा, शेंगदाणे, दाणे: एकच ना सगळे?

शेतात उभा असतो तो भुईमूग. उपटून, झोडून पोत्यात भरतात त्या शेंगा. टरफल फोडून निघतो तो शेंगदाणा. स्वयंपाकघरात डब्यात गेला की नुसता ‘दाणा’. दाण्याचे कूट, दाण्याची आमटी. पुण्याकडे ‘दाणे’ जास्त ऐकू येते, आपल्याकडे ‘शेंगा’च सगळीकडे पुरतो: शेंगा भाजल्या, शेंगा कुटल्या. खरे तर कुटतात ते दाणे, टरफलासकट शेंगा कोणी उखळात घालत नाही. पण नावाने पदार्थ ओळखू येतो आहे तोवर त्याचा कीस काढण्यात अर्थ नाही.

‘भुईमूग’ या नावात मात्र पिकाची सगळी तऱ्हा आली आहे. याचे पिवळे फूल वर, जमिनीबाहेर येते. ते गळाल्यावर त्याच्या बुडातून एक दांडा खाली वाकतो आणि मातीत शिरतो. शेतकरी त्याला ‘आरी’ म्हणतात, अनेक असल्या की ‘आऱ्या’. आरी जमिनीत गेली तरच तिच्या टोकाला शेंग धरते, वरच राहिली तर वाया. म्हणून आऱ्या सुटायच्या वेळी पिकावरून रिकामा ड्रम फिरवतात, म्हणजे त्या मातीला टेकतात. कोवळ्या पिकावरून ड्रम लोळवताना पाहून नवखा माणूस घाबरतो.

पीक मूळचे दक्षिण अमेरिकेतले. मिरचीही अमेरिका खंडातलीच, पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आलेली. म्हणजे ज्या चटणीला आपण अस्सल सोलापुरी म्हणून मिरवतो, तिचे दोन मुख्य घटक समुद्रापलीकडचे. लसूण तेवढी जुनी.

‘भुईमूग’ की ‘भुईमुग’?

भुईमूग. पण भुईमुगाच्या शेंगा.

हा एक नियम पक्का केला की अर्ध्या चुका आपोआप जातात. मराठी शब्दाच्या शेवटी ‘अ’ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ: मूग, तीळ, मीठ, कूट, पूड, पाकीट. शब्द पुढे सरकून त्याचे रूप बदलले की तोच ऱ्हस्व: मुगाची, तिळाचा, मिठाचे, कुटाची, पुडीचा, पाकिटावर. (तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमात नाहीत. गुण, विष, सुख यांच्या वाटेला जाऊ नका.)

‘सोलापूरी’ लिहिलेली हजारो पाकिटे बाजारात आहेत. ती सगळी चूक?

हो, त्या अक्षरापुरती. चटणी चांगली असू शकते.

गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ: सोलापूर, पंढरपूर, नागपूर. ‘पूर’ जसाच्या तसा राहून पुढे काही लागले तर तो दीर्घच राहतो: सोलापूरचा, सोलापूरला, सोलापूरहून, सोलापूरकर. पण ‘पूर’चा ‘पुरा’ किंवा ‘पुरी’ झाला की ऱ्हस्व: सोलापुरात, सोलापुरी. कोल्हापुरी चपलेला आपण बहुतेक वेळा बरोबर लिहितो, सोलापुरी चादरीला आणि चटणीला मात्र विनाकारण ऊकार देतो. जिभेवर बोलून बघा. ‘र’वर थांबता आले तर दीर्घ, नाही तर ऱ्हस्व.

दहा हजार पिशव्या छापून झाल्या असतील तर जाळू नका. संपवा आणि पुढच्या छपाईला बदला.

‘शेंगदाना’ आणि ‘चटनी’ कुठून येते?

हिंदीतून आणि मोबाइलमधून. हिंदीत दाना, चटनी, पानी. मराठीत दाणा, चटणी, पाणी. इंग्रजी अक्षरांत टाइप करून देवनागरी उमटवणाऱ्या कीबोर्डला ‘न’ आणि ‘ण’ यांतला फरक कळत नाही. तो जास्त वापरातले रूप पुढे करतो आणि आपण बोट ठेवतो. ‘ण’ आपण स्पष्ट उच्चारतो, त्यामुळे इथे सबब नाही. मजकूर एकदा मोठ्याने वाचा, चूक लगेच कानाला बोचेल.

‘शेगदाणे’ हे मात्र निव्वळ घाईचे काम. टिंब विसरलेले.

चटणी म्हणजे नक्की काय? आमच्या सासूबाई मिरचीपुडीलाच चटणी म्हणतात.

बरोबर म्हणतात. सोलापूर, कोल्हापूर, मराठवाड्याचा बराचसा भाग इथे ‘भाजीत चटणी घाल’ म्हणजे तिखट घाल. त्यामुळे नव्या सुनेने आमटीत शेंगांची चटणी ओतल्याचे विनोद घरोघर ऐकायला मिळतात. शब्द ‘चाटणे’शी नाते सांगणारा आहे. मूळ अर्थ बोटाने चाटून खायचे तोंडीलावणे. नंतर ती ओली असो, कोरडी असो, सगळ्याला तेच नाव.

लेबलावर याचा परिणाम होतो. ‘सोलापुरी चटणी’ एवढेच लिहिले तर एका गिऱ्हाइकाला मसाल्याचे तिखट मिळेल असे वाटेल, दुसऱ्याला शेंगांची चटणी. आणि दक्षिणेकडचा माणूस इडलीबरोबरची, फोडणी घातलेली ओली चटणी समजेल. म्हणून ‘शेंगा’ हा शब्द गाळू नका.

कूट आणि चटणी यांत फरक काय? दोन्ही कुटलेलेच.

कुटात फक्त भाजलेले दाणे. त्याला चव द्यायची नसते, भाजीला किंवा खिचडीला दाटपणा द्यायचा असतो. चटणीत लसूण, तिखट, जिरे, मीठ. म्हणूनच कूट उपासाला चालते आणि चटणी चालत नाही, लसणीमुळे.

‘उखळात कुटलेली’ असे लिहिले तर चालेल? लोक म्हणतात मिक्सरची आणि उखळातली सारखीच.

खरोखर उखळात कुटली असेल तर जरूर लिहा, आणि पाकिटावर सगळ्यात ठळक तेच लिहा. मिक्सरची असेल तर लिहू नका, पहिल्याच घासाला कळते.

फरक असा. भाजलेल्या शेंगदाण्यात साधारण निम्मे तेल असते. मुसळाचे घाव पडतात तेव्हा दाणा दाबला जातो, चेचला जातो आणि हळूहळू तेल सोडतो. ते तेल तिखटाला आणि लसणीला धरते. चटणी लालभडक होते, मुठीत दाबली की लाडवासारखी बसते आणि बोटाला तेल लागते. मिक्सरचे पाते दाणा कापते. थोडे फिरवले तर कोरडा भुगा होतो, जास्त फिरवले तर भांडे तापून एकदम लगदा. मधली अवस्था त्याला साधत नाही. वारंवार थांबवून, जरा जरा फिरवून जवळपास जाता येते, पण तेवढा वेळ देणारा माणूस उखळच काढेल. मोठ्या प्रमाणावर करणारे कांडप यंत्र वापरतात. त्यात मुसळ वरून पडते, पाते फिरत नाही, म्हणून त्याला ‘कुटलेली’ म्हणायला हरकत नाही.

दाणे भाजण्याची आच मंद हवी आणि ते पूर्ण गार झाल्यावरच कुटायला घ्यावेत. लाल साल ठेवायची की पाखडायची यावर घराघरांत मतभेद आहेत. सालीने किंचित तुरटपणा येतो. मला तो आवडतो.

शब्दाबद्दल: उखळ, ‘उ’ ऱ्हस्व. उखळ आणि मुसळ दोन्ही नपुंसकलिंगी, ते उखळ, ते मुसळ. ‘उखळ पांढरे होणे’ म्हणजे चार पैसे मिळणे. चटणीच्या धंद्यात उखळ पांढरे झाले तरी आतून ते लालच राहते.

घटक लिहिताना कुठे चुका होतात?

हा नमुना उतरवून घ्या: भाजलेले शेंगदाणे, लाल मिरचीपूड, लसूण, जिरे, मीठ.

‘मिठ’ नको, ‘लसुण’ नको, ‘मिरचीपुड’ नको. कारण वर भुईमुगाच्या उत्तरात आहे. लसूण थोडी हट्टी आहे. तिचे रूप बदलताना ‘ऊ’ ऱ्हस्व होत नाही, नाहीसाच होतो: लसणाची पाकळी. पुण्या-कोकणाकडे तिला स्त्रीलिंगी धरून ‘लसणीची’ म्हणतात. दोन्ही चालते, ‘लसूणाची’ चालत नाही.

शिवाय लेबलावर हटकून चुकणारे आणखी तीन शब्द. ‘शुद्ध शाकाहारी’मध्ये द आधी आणि ध नंतर, ‘शुध्द’ नव्हे. ‘घरगुती’मध्ये गु ऱ्हस्व. ‘रुचकर’मध्ये रु ऱ्हस्व.

नाव ‘शेंगाचटणी’ आहे, मग घटकांत पुन्हा ‘शेंगदाणे’ लिहायची काय गरज?

गरज आहे, आणि हा या पानावरचा एकमेव प्रश्न आहे जिथे शब्द चुकला तर माणसाच्या जिवाशी येऊ शकते. काही लोकांना शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असते. घसा सुजतो, श्वास अडकतो. दिल्लीचा किंवा चेन्नईचा माणूस ‘शेंगा’ वाचून काही समजणार नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या लेबलविषयक नियमांत शेंगदाणा हा ॲलर्जी करणारा घटक म्हणून जाहीर करावा लागतो. हे नियम असेही सांगतात की आवश्यक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवी, तिच्या जोडीला मराठी देता येते. म्हणजे मराठीत ‘शेंगदाणे’ आणि हिंदीत ‘मूंगफली’ असे दोन्ही छापा. नावातला गावरानपणा तसाच राहू द्या, घटकांत तो आणू नका.

शेंगांची पोळी, शेंगापोळी की शेंगपोळी?

तिन्ही चालतील. भाजलेल्या दाण्यांचे कूट आणि गूळ भरून केलेली ती पोळी. कानडी घरातली ‘शेंगा होळिगे’ तीच. ‘गूळ’ दीर्घ, ‘गुळाची’ ऱ्हस्व, हे आता सांगायला नको.

आमच्या पाकिटावर स्पेलिंग बरोबर आहे, तरी नाव हिंदी वाटते. का?

फॉन्ट बघा. हिंदी वळणाच्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांचा घाट वेगळा असतो. राज्य सरकारने २००९ मध्ये देवनागरी लिपी मराठीसाठी प्रमाणित केली, तेव्हा याच दोन अक्षरांचे मराठी वळण ठरवून दिले. आता योगायोग असा की ‘सोलापुरी शेंगाचटणी’ या नावात एक ‘ल’ आणि एक ‘श’ आहेच. मराठी वळणाचा फॉन्ट निवडा, नाव लगेच आपले दिसेल.

मागच्या बाजूला ‘दही सोबत खा’ असे टाकायचे आहे.

‘दह्यासोबत खा’ लिहा. दही-दह्याचे, लोणी-लोण्याचे. ‘सोबत’ मागच्या शब्दाला जोडून. ‘कडक भाकरीबरोबर’ हेही जोडून.

भाकरी ज्वारीची म्हणत असाल तर ‘जवारी’ लिहू नका. बोलताना म्हणा हवे तर. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याचा उल्लेख चटणीच्या पाकिटावर करायचा नसतो. दुसऱ्याच्या मालाचे मानांकन आहे ते. तेल सुचवायचे तर ‘वरून करडईचे तेल घ्या’ एवढे पुरे. तिखट सोसत नसेल तर दही, सोसत असेल तर तेल आणि बुक्कीने फोडलेला कांदा.